क्रूझवर जाऊ, पण गावांची नावं घेऊन

घरातली मुलं मोठी झाली की कौटुंबिक सहल ठरवणं हे आघाडी सरकार स्थापन करण्याइतकं अवघड होऊन बसतं. मुलं लहान असतात तेव्हा प्रश्न नसतो. आई-वडील ठरवतात, डबे भरतात, आणि खिडकीची जागा कुणाची यावर भांडत मुलं निघतात. वेलंकनी असो नाहीतर महाबळेश्वर, त्यांना काय फरक पडतो? पण एक नोकरीला लागलेला, एक कॉलेजात, एक अकरावीत, अशी तीन मुलं घरात असली की तीन मतं असतात, तीन सुट्ट्या असतात आणि तीन मोबाईल असतात. एकाला डोंगर हवे, एकाला नुसती झोप हवी, तिसऱ्याला वायफाय असलं की पुरे. पाचही जण एका छताखाली येतील असे दिवस वर्षातून जेमतेम चार-पाच. आमच्या घरी ते नाताळात येतात, तुमच्याकडे कदाचित गणपतीत किंवा दिवाळीत येत असतील.

म्हणूनच हल्ली अशा घरांना क्रूझची भुरळ पडते. एकदा बोटीवर चढलं की जेवणाची सोय, राहण्याची सोय, करमणुकीची सोय. आई-वडिलांनी डेकवर खुर्ची टाकून बसावं, धाकट्याने पोहावं, थोरल्याने रात्री डीजेसमोर नाचावं. भांडण नाही, तंटा नाही. भाडं बहुतेक ठिकाणी ‘एका खोलीत दोघं’ या हिशेबाने सांगितलेलं असतं, त्यामुळे पाच जणांचं कुटुंब आपोआप दोन-तीन खोल्यांत वाटलं जातं आणि भेटतं ते थेट रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर. तिथे एक फोटो निघतो. तो फॅमिली ग्रुपवर जातो. सगळ्या आत्या-मावश्या बदाम पाठवतात.

माझं मत विचाराल तर यात भांडण मिटत नाही, फक्त भेटणंच टाळलं जातं. वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या वेळी उठून, वेगवेगळी मजा करायची असेल तर त्यासाठी समुद्रात जायची काय गरज? तेवढं तर आपण घरीच करतो.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे आमच्या गावातूनच क्रूझ सुटणार आहे.

आमचं गाव कुक्षी. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात, निमाडच्या कडेला. मूळचे आम्ही नगरकडचे, पण पप्पा नोकरीनिमित्त इकडे आले आणि इकडचेच झाले. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, बाजारात निमाडी मिसळलेली हिंदी, अशी आमची वाढ झाली. मुंबईत कुक्षी म्हटलं की लोक विचारतात, ‘कुठे आलं हे?’ कापूस, मिरची, आठवड्याचा हाट, होळीच्या आधीचा भगोरिया, आणि जवळच बाघची लेणी नि बाघ छपाई. सांगण्यासारखं एवढंच होतं. आता त्यात क्रूझची भर पडली आहे. कुक्षी तहसिलीतल्या नर्मदेच्या मेघनाद घाटापासून गुजरातेतल्या स्टॅच्यू ऑफ युनिटीपर्यंत पर्यटकांची बोट चालवायची, अशी दोन्ही राज्यांची आणि केंद्राच्या अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाची योजना आहे. त्यासाठी तरंगत्या जेट्ट्या, करार, सगळं झालं आहे. अंतराचे आकडे बातम्यांमध्ये 120 ते 135 किलोमीटर असे येतात. समुद्रातल्या बोटींच्या मानाने हा प्रवास छोटा. आमच्या घरी मात्र तो मोठा विषय झाला आहे. पप्पांनी जाहीर करून टाकलंय की बोट सुरू झाली की पुढच्या नाताळात सगळ्यांनी जायचं. दादा पुण्याहून येणार, मी मुंबईहून, धाकटा क्लास बुडवणार. आईने तर दशम्या आणि सुकी चटणी न्यायची हेही ठरवलंय, बोटीवर जेवण मिळतं हे तिला तीनदा सांगूनसुद्धा.

बोटीचं मला वावडं नाही. मराठी घरांना बोट नवी थोडीच आहे? भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरीमार्गे पणजीला जाणाऱ्या बोटींनी कितीतरी वर्षं कुटुंबंच्या कुटुंबं वाहून नेली. डेकवर सतरंजी अंथरून, पेटीला टेकून, मुलांना कुशीत घेऊन लोक जायचे. त्या काळातली ती कौटुंबिक क्रूझच म्हणा. फरक एवढाच की ती माणसं आपापल्या गावी चाललेली असायची. आमची बोट जाणार आहे ती गेलेल्या गावांवरून.

हे जरा नीट सांगायला हवं. मेघनाद घाटाशी आज जे पाणी दिसतं त्याला आपण नर्मदा म्हणतो खरं, पण ते वाहत्या नदीचं पाणी नव्हे, सरदार सरोवर धरणाचा फुगवटा आहे. या धरणाची पायाभरणी पंडित नेहरूंनी 1961 मध्ये केली. 1979 मध्ये नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा आला. जून 2017 मध्ये धरणाचे दरवाजे बंद करायला परवानगी मिळाली आणि सप्टेंबर 2019 मध्ये जलाशय पहिल्यांदा 138.68 मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. पूर्ण भरलेल्या जलाशयाची लांबी 214 किलोमीटर. म्हणजे क्रूझचा अख्खा मार्ग या जलाशयातच येतो. जलाशयाने ज्यांच्या जमिनी किंवा घरं घेतली त्यांत मध्य प्रदेशातली 190 हून अधिक, महाराष्ट्रातली 33 आणि गुजरातेतली 19 गावं आहेत.

बोट पश्चिमेकडे निघाली की डाव्या हाताला आधी बडवानी जिल्हा आणि मग आपला नंदुरबार जिल्हा लागतो, धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांचे डोंगर. अगदी शेवटी मणिबेली, महाराष्ट्रात सर्वांत आधी बुडिताला तोंड देणारं गाव. तिथलं जुनं शूलपाणेश्वराचं मंदिर पाण्याखाली गेलं आणि नवं गुजरातेत गोरा इथे उभं राहिलं. कुक्षीच्या बाजूला निसरपूर आणि चिखल्दा. निसरपूर म्हणजे पाच-पंचवीस झोपड्यांचं गाव नव्हतं. आसपासच्या खेड्यांची ती बाजारपेठ होती. चिखल्द्यात 2017 च्या जुलै-ऑगस्टमध्ये मेधा पाटकर उपोषणाला बसल्या होत्या. चिखल्द्यासमोर पलीकडच्या काठावर बडवानीचा राजघाट. गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या अस्थी जिथे ठेवल्या होत्या ते स्मारकही त्याच वर्षी तिथून हलवावं लागलं. पाणी चढलं की राजघाटचा जुना पूल आजही दिसेनासा होतो.

आता कुणी म्हणेल, सहलीच्या लेखात हे कशाला? सुट्टी मजेसाठी असते, आंदोलनासाठी नसते. हा आक्षेप मी दादाच्याच तोंडून ऐकला आहे, त्यामुळे तो मला हलका वाटत नाही. वर्षभर राबणाऱ्या माणसाला दोन दिवस डोकं बाजूला ठेवावंसं वाटलं तर त्यात गैर काय? आणि तसं बघितलं तर कुठल्या धरणाखाली गाव नाही? पुण्याचे लोक पावसाळ्यात मुळशीला भजी खायला जातात. त्या पाण्यासाठी 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला होता. महाबळेश्वरला गेलेली मंडळी तापोळ्याला कोयनेच्या शिवसागरात बोटिंग करतात. कोयनेच्या धरणग्रस्तांच्या मागण्या आजही पूर्ण सुटलेल्या नाहीत. म्हणून कुणी तिथे जाणं थांबवलंय का?

नाही थांबवलं, आणि थांबवावं असं माझंही म्हणणं नाही. धरणाचे फायदेही खोटे नाहीत. सौराष्ट्र-कच्छपर्यंत पाणी गेलं आहे. विजेचा 57 टक्के वाटा मध्य प्रदेशाला, 27 टक्के महाराष्ट्राला आणि 16 टक्के गुजरातला ठरलेला आहे, म्हणजे हा लेख टाइप करताना माझ्या लॅपटॉपमध्ये त्यातला एखादा कण असेलही. बहिष्कार घालून मी कुठला हिशेब चुकता करणार? शिवाय कुक्षीत रोजगार आहेच कुठे? कापसाचा भाव पडला की अख्खं गाव मुकाट होतं. बोट आली, चार हॉटेलं निघाली, पोरांना काम मिळालं तर ते मला हवंच आहे.

पण मुळशी आणि आमची क्रूझ यात एक फरक आहे. मुळशीत गाव बुडताना पाहिलेलं माणूस आज शोधून सापडणार नाही. आमच्याकडे ते आमच्याच वर्गात होतं. 2019 च्या सप्टेंबरात मी पंधरा वर्षांची होते. वर्गातल्या एका मुलीचं घर निसरपूरला. त्या दिवसांत कुक्षीच्या रस्त्यावरून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जायच्या. त्यांत धान्य, खाटा, कवेलू, आणि घराचे उखडलेले दरवाजे. चौकटीसकट दरवाजे. ती शाळेत परत आली तेव्हा तिच्या पत्त्यात ‘बसाहट’ हा शब्द आला होता. पुनर्वसनाच्या वसाहतीला आमच्याकडे बसाहट म्हणतात. काहींना तिथे घर मिळालं, काही पत्र्याच्या शेडमध्ये राहिले, काहींची प्रकरणं कागदावरच राहिली. सर्वोच्च न्यायालयाने 8 फेब्रुवारी 2017 च्या आदेशात जमीन न मिळालेल्या 681 कुटुंबांना प्रत्येकी 60 लाख रुपये द्यायला सांगितलं होतं. हा आकडा मोठा वाटतो. पण त्याच आदेशात 31 जुलै 2017 पर्यंत गावं रिकामी करण्याची मुदतही होती. आणि 2023 च्या सप्टेंबरात पाणी पुन्हा असं चढलं की धार-बडवानीत ‘तुमचं गाव बुडितात नाही’ असं सांगितलेल्या लोकांच्याही घरांत शिरलं.

त्या वेळी आमच्या घरी या विषयावर कुणी बोललं नाही. रोज संध्याकाळी रोझरी झाली की आई ‘निसरपूरवाल्यांसाठी’ म्हणून एक प्रार्थना जास्त म्हणायची, तेवढंच. मुलांना कशाला सांगायचं, असा मोठ्यांचा सूर होता. तो मला कळतोही. सहा आणि दहा वर्षांच्या मुलांना काय सांगणार? पण आता आम्ही सहा आणि दहाचे नाही. दादा नोकरी करतो, टॅक्स भरतो. मी मतदान केलं आहे. धाकटा सोळाचा आहे आणि त्याला वाटतं की मोठ्यांना काहीच कळत नाही, म्हणजे त्याचं वयही योग्य आहे.

इथे मला मुद्द्याचं सांगायचं आहे. लहान मुलांना घेऊन जाणं आणि मोठ्या मुलांबरोबर जाणं या दोन वेगळ्या सहली आहेत. लहान मुलाला पुतळा दाखवायचा, 182 मीटर उंच आहे म्हणून सांगायचं, आईस्क्रीम घ्यायचं, झालं. मोठं मूल पुतळा बघेलच, पण पाण्याकडे बघून विचारेल, ‘खाली काय आहे?’ आणि ते विचारत नसेल तर त्याने विचारावं अशी सोय आपण करायला हवी. आई-वडील आणि मोठी मुलं यांच्यात बोलायच्या कितीतरी गोष्टी राहून गेलेल्या असतात. फक्त धरणाच्याच नव्हेत. कर्ज किती होतं, आजोबांशी का बोलणं तुटलं, नगर सोडताना आई रडली होती का. घरात हे विषय निघत नाहीत, कारण घरात प्रत्येकाला उठून आपल्या खोलीत जाता येतं. छोट्या बोटीवर तशी खोली नसते. तासन्‌तास एकाच बाकावर, दोन्ही बाजूंना डोंगर, मोबाईलला रेंज असेल-नसेल. आणि समोरचं पाणीच विषय काढून देतं. समुद्रातल्या मोठ्या बोटीपेक्षा मला आमची ही नदीवरची बोट पसंत आहे ती याच कारणासाठी.

नर्मदेशी मराठी वाचकाची ओळख बोटीतून झालेली नाही, पायी झालेली आहे. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’पासून आजपर्यंत परिक्रमेवर मराठीत केवढं लेखन झालं. परिक्रमावासी नदीला उजव्या हाताला ठेवून चालतो, ती मध्येच ओलांडत नाही, आणि वाटेत ज्या गावात संध्याकाळ होईल तिथे थांबतो, मिळेल ते खातो. कुक्षीच्या बाजूनेही ते जातात. ‘नर्मदे हर’ म्हणत दारात येतात, मग घर कुठल्या धर्माचं आहे हे कुणी विचारत नाही. आमच्या आईनेही चहा पाजलाय त्यांना. त्या प्रथेत एक साधी गोष्ट आहे. ज्या गावावरून तुम्ही जाता, त्या गावाशी तुम्हाला बोलावंच लागतं. काठावरची कितीतरी जुनी वाट आता पाण्याखाली गेली आणि परिक्रमा आतल्या रस्त्यांवरून चालते. नवीन वाट पाण्यावरून निघणार असेल तर निदान हा जुना शिष्टाचार तिच्यात यावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

तो कसा येईल? माझ्याकडे मोठी योजना नाही, पण न होण्यासारखं यात काहीच नाही.

पहिलं म्हणजे, बोटीवर गावांची नावं सांगितली जावीत. पुतळ्याची उंची, धरणाची लांबी याबरोबरच, ‘आता आपण अमुक गावाच्या शिवारात आहोत’ एवढं एक वाक्य. यात कुणाची बाजू घ्यावी लागत नाही. रेल्वेसुद्धा स्टेशनचं नाव सांगतेच की.

दुसरं, ही नावं सांगायला बसाहटींमधली मुलं-मुली घ्यावीत. त्यांच्याइतकी या पाण्याची माहिती कुठल्या प्रशिक्षित गाईडला असणार? ज्यांची घरं गेली त्यांच्या मुलांना बोटीवर फक्त ताटं उचलायचं काम मिळालं तर त्या रोजगाराचं मला कौतुक वाटणार नाही.

तिसरं, ज्यांना बोट रोज लागते त्यांना आधी जागा मिळावी. नंदुरबारच्या डोंगरांतल्या पाड्यांना दवाखाना पाण्यावरून येतो. लॉकडाऊनच्या काळात तिथली एक अंगणवाडी सेविका स्वतः नाव वल्हवत बाळंतिणींपर्यंत आणि बाळांपर्यंत पोचायची, हे आपण 2020 मध्ये पेपरात वाचलंच. काठावरच्या मच्छीमारांच्या सहकारी संस्था जलाशयातल्या मासेमारीचा हक्क मागत आल्या आहेत. पर्यटकांच्या जेट्टीवर त्यांच्या होड्यांना मज्जाव होणार असेल, क्रूझच्या वाटेत जाळी नको म्हणून त्यांना हटवलं जाणार असेल, तर एकच माणूस एकाच पाण्याने दोनदा विस्थापित होईल.

या तीन गोष्टी सरकारने करायच्या. चौथी आपल्या हातात आहे. तिकीट काढण्याआधी घरातल्या मोठ्या मुलांनी एक दिवस बसाहटीत जाऊन यावं. कुक्षीहून निसरपूरची नवी वस्ती जवळ आहे. चहा प्यावा, जुनं गाव कसं होतं ते विचारावं. लोक सांगतात. बहुतेक वेळा आपण विचारलं नाही म्हणूनच त्यांनी सांगितलेलं नसतं. हे काम आई-वडिलांवर टाकू नये. त्यांनी आपल्याला बरंच फिरवलं, आता माहिती काढायची पाळी आपली. कमावत्या मुलांनी आपलं तिकीटही आपणच काढावं, हे दादासाठी.

मुंबईत बसून हा अंक वाचणाऱ्यांना वाटेल की कुक्षी लांब आहे. बरं, लांब आहे. पण भातसा आणि वैतरणेचं पाणी तुमच्या नळाला येतं, आणि मुळशी-तापोळा पुढच्या सुट्टीतल्या यादीत असेलच. एकदा जाऊन बघा, आणि ज्या पाण्यावर जाल त्याखालच्या एका तरी गावाचं नाव निघण्याआधी शोधा. मग ते नाव बोटीवर आई-वडिलांना सांगा. त्यानंतरचं संभाषण कुठे जाईल ते मी सांगू शकत नाही. कदाचित पप्पा गप्प बसतील, धाकटा हेडफोन लावेल, आणि आई दशम्यांचा डबा उघडेल. चालेल. त्या डब्यासाठी तरी पाचही जण एका बाकावर येतील, आणि निसरपूर हा शब्द आमच्या घरात प्रार्थनेच्या बाहेर पहिल्यांदा उच्चारला जाईल.